दुधाचे वावडे, इसब आणि दुधाला पर्याय

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा वाचावयास मिळाला. मूल वर्षा-दोन वर्षांचे आहे, गालांवर आणि कोपरा-गुडघ्यांच्या खोबणीत इसबाचे लाल चट्टे आहेत, रात्ररात्र खाज सुटते. कोणी सांगितले की दूध बंद करा. दूध बंद केले. आता बाजारात सोयाचे, बदामाचे, ओटचे, तांदळाचे आणि नारळाचे अशी नाना प्रकारची ‘दुधे’ मिळतात. त्यांतले कोणते द्यावे? आणि घरातील वडीलधारी मंडळी विचारतात की दुधावाचून मूल वाढणार तरी कसे?

प्रश्न दोन्ही बाजूंनी रास्त आहे. आईला मुलाची कातडी दिसते, आजीला मुलाची हाडे दिसतात. आणि दोघींपैकी कोणाचीही काळजी खोटी नाही. म्हणून या विषयाचा थोडा मुळापासून विचार करावा, असे आम्ही ठरविले.

प्रथम इसबाविषयी. आपली त्वचा म्हणजे विटा-चुन्याची भिंत आहे असे समजावे. पेशी ह्या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. ही भिंत आतील ओलावा बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरील त्रासदायक द्रव्ये आत येऊ देत नाही. इसब असलेल्या बालकांत ही भिंत मुळातच कच्ची असते. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, अशा अनेक रुग्णांत त्वचेला बळकटी देणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन जन्मतःच कमी असते. तात्पर्य, इसब हा मुख्यतः त्वचेचा दोष आहे. तो रक्त बिघडल्यामुळे होतो किंवा पोटातील उष्णतेमुळे होतो, हा समज टिकण्यासारखा नाही.

मग दुधाचा संबंध कोठे येतो? ज्या मुलांचे इसब मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचे असते, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना कोणत्या ना कोणत्या अन्नाचे वावडे आढळते, आणि लहान वयात त्यात दूध व अंडे अग्रभागी असतात. म्हणजेच उरलेल्या दोन तृतीयांश मुलांना अन्नाचे असे वावडे नसते. सौम्य इसबात तर हे प्रमाण त्याहूनही कमी. तेव्हा चट्टा दिसला की दुधाचे पातेले दूर सारायचे, ही रीत बहुसंख्य मुलांच्या बाबतीत निष्फळ ठरते; एवढेच नव्हे, तर ती घातकही ठरू शकते.

घातक का, ते सांगतो. जे अन्न मूल नित्य खाते, त्याची शरीराला ओळख राहते. ते दीर्घकाळ बंद ठेवले आणि फुटलेल्या त्वचेवाटे मात्र त्याचे सूक्ष्म कण आत जात राहिले, तर शरीर त्या अन्नाला शत्रू मानू लागते. पूर्वी दूध पचविणाऱ्या मुलाला, अनेक महिन्यांच्या खंडानंतर दूध पोटात जाताच अंगावर गांधी उठून श्वास कोंडण्यापर्यंत मजल गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. उलट, २०१५ साली लंडन येथे पूर्ण झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० तान्ह्या मुलांची पाहणी झाली. ज्यांना लहानपणापासून भुईमूग नियमित दिला, त्यांच्यात भुईमुगाचे वावडे कितीतरी कमी आढळले. जपून टाळल्याने जे साधले नाही, ते जपून खाऊ घातल्याने साधले.

म्हणून आमचा पहिला आग्रह असा की, दूध बंद करण्याचा निर्णय शेजारणीच्या सल्ल्याने नव्हे, तर बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने व्हावा. वावडे दोन प्रकारचे असते. एकात दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. दुसऱ्यात एक-दोन दिवसांनी खाज व चट्टे वाढतात किंवा शौचातून आव-रक्त पडते. पहिल्या प्रकारात त्वचेवर टोचून करावयाची तपासणी किंवा रक्ताची तपासणी उपयोगी पडते. मात्र नुसती तपासणी ‘होय’ म्हणाली म्हणून वावडे सिद्ध होत नाही, त्याला प्रत्यक्ष अनुभवाची जोड लागते. दुसऱ्या प्रकारात खात्रीची परीक्षा एकच: डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद ठेवणे आणि नंतर पुन्हा सुरू करून पाहणे. बंद केल्यावर चट्टे ओसरले आणि सुरू केल्यावर परत उमटले, तरच दूध दोषी. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक घरांत केला जात नाही. मूल जरा बरे दिसले की दूध कायमचे सुटते. पण त्याच सुमारास हवा बदललेली असते, मलमही सुरू झालेले असते, आणि श्रेय मात्र दूध सोडण्याला मिळते. ज्या मुलाला पहिल्या प्रकारची लक्षणे दिसली असतील, त्याच्यावर ही परीक्षा घरी मुळीच करू नये. आणि श्वास लागला, आवाज घोगरा झाला किंवा मूल एकाएकी निपचित पडले, तर घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता समजा, वावडे सिद्ध झाले. अशा वेळी घराघरांत जे उपाय सुचविले जातात, त्यांचा परामर्श घेऊ.

‘म्हशीचे सोसत नाही तर गाईचे द्या, गाईचे सोसत नाही तर शेळीचे द्या,’ हा सल्ला सर्वांत जुना. परंतु गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात की, गाईच्या दुधाचे वावडे असलेल्या दहांपैकी नऊंहून अधिक मुलांना शेळीचे दूधही बाधते. शिवाय शेळीच्या दुधात फॉलिक आम्ल अत्यल्प असते. ‘दूध चांगले आटवून द्या’ हाही सल्ला तसाच. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसीनचा असतो आणि केसीन उकळण्याने नष्ट होत नाही. दुग्धशर्करा काढून टाकलेले दूध बाजारात मिळते, तेही येथे कामाचे नाही. दुग्धशर्करा न पचणे हा पोटाचा निराळा विकार आहे आणि प्रथिनांचे वावडे हा निराळा. दही, ताक, पनीर, पेढा, श्रीखंड ही सारी दुधाचीच रूपे. घरी कढविलेल्या तुपातही बेरीबरोबर प्रथिनांचा अंश राहतो. सौम्य वावड्यात तूप पुष्कळदा चालते, तीव्र वावड्यात चालत नाही. तेव्हा वरणभातावरच्या त्या चमचाभर तुपाविषयीही डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

अजून आईचे दूध चालू असेल, तर त्यासारखा पर्याय नाही. दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही ते द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक वर्षाच्या आतील मुलाला सोया, बदाम, तांदूळ ह्यांपैकी कोणतेही पेय दुधाच्या जागी देऊ नये. त्यांच्यासाठी प्रथिनांचे बारीक विघटन केलेली खास भुकटी असते. ती महाग आहे हे खरे, पण ती औषध म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावी. आमचा पुढील विचार वर्षावरील मुलांपुरता आहे.

पर्यायाची निवड करताना नावावर जाऊ नये. खोक्यावर पांढऱ्याशुभ्र पेल्याचे चित्र असले म्हणून आतील द्रव दुधाच्या तोलाचा होत नाही. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली अशा वनस्पतिजन्य पेयांना ‘दूध’ म्हणण्यास हरकत घेतली, ती ह्याच गोंधळामुळे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि प्रथिने बारा ग्रॅमच्या आसपास. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात तीन ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने आणि सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हाच गज घेऊन प्रत्येक पर्याय मोजावा.

तांदळाच्या पेयात प्रथिने नाममात्र असतात. शिवाय तांदळात जमिनीतून येणारे आर्सेनिक साठते, म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना हे पेय दुधाऐवजी देऊ नये असा सरकारी सल्ला आहे. बदामाचे नाव ऐकून आपल्याकडे बुद्धी आणि बळ आठवते. परंतु बाजारी बदामपेयात बदाम बहुधा शेकडा दोन-तीन भाग आणि उरलेले पाणी असते, प्रथिने १०० मिलिलिटरला एक ग्रॅमही भरत नाहीत. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, प्रथिने अल्प. स्वयंपाकाला उत्तम, पेल्यात अपुरे. ओटच्या पेयात एक ग्रॅमच्या आसपास प्रथिने. सोयापेयात मात्र तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने भरतात, आणि ती गुणानेही दुधाच्या प्रथिनांच्या जवळ जाणारी असतात.

ह्या मोजमापाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, ते २००१ साली अमेरिकेतील ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दोन मुलांच्या हकिकतीवरून कळते. पहिले मूल बावीस महिन्यांचे. त्याला जुनाट इसब होते आणि दूध सोसत नाही असा घरच्यांचा समज होता. तेराव्या महिन्यापर्यंत ते आईच्या दुधावर होते. पुढे त्याला तांदळाचे पेय सुरू केले. दिवसाला सुमारे दीड लिटर ते प्यायचे, इतर खाणे जवळजवळ नाही. पोट भरत होते, परंतु प्रथिने गरजेच्या केवळ चतुर्थांश मिळत होती. ते रुग्णालयात दाखल झाले तेव्हा त्याला क्वाशिओरकोर हा कुपोषणाचा गंभीर विकार जडला होता. सिसिली विल्यम्स ह्या डॉक्टर बाईंनी १९३० नंतरच्या दशकात आफ्रिकेच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत, आजच्या घाना देशात, दरिद्री मुलांत पाहून वर्णिलेला हा विकार. तो सुखवस्तू देशात, हौसेने आणलेल्या महागड्या खोक्यांतून एका मुलाच्या वाट्यास आला. दुसरे मूल सतरा महिन्यांचे. त्याला दहाव्या महिन्यापासून सोयापेय दिले होते. पण त्यात कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व मिसळलेले नव्हते. त्या मुलाला मुडदूस झाला. दोन्ही घरी आईबाप बेफिकीर नव्हते, किंबहुना अधिकच काळजी घेणारे होते.

ह्या हकिकतीतून दोन बोध निघतात. सोया हा पर्यायांत श्रेष्ठ. पण नुसता सोया पुरत नाही, त्यात कॅल्शियम व ड जीवनसत्त्व मिसळलेले असले पाहिजे.

सोयाची गोष्ट निघाली, तर ती आपल्या भोपाळपासून दूर नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरकडील अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीच्या निमित्ताने येथे स्थिरावली. त्यानंतरच्या दशकात जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने सोयाबीनचे प्रयोग हाती घेतले, आणि बघता बघता माळव्याच्या काळ्या मातीत हे पीकही आपल्यासारखेच स्थिरावले. बैरसिया रस्त्यावरील नबीबाग येथे १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत १९८५ पासून सोयाबीनवरील प्रक्रियेचे स्वतंत्र काम सुरू झाले. सोयादूध आणि सोयापनीर करण्याचे शिक्षण तेथे कितीतरी लोकांनी घेतले. तरीही आपल्याकडील बहुतेक सोयाबीन तेलाच्या घाण्याकडे जाते आणि पेंड जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याकडे. ज्या प्रांतात सोयाबीनचे ढीग पडतात, तेथील आईने सोयापेयाच्या परदेशी खोक्यासाठी भारी किंमत मोजावी, हे काही शहाणपणाचे नाही.

इसब असलेल्या मुलांना सोया देणे हीही नवी टूम नव्हे. १९०९ साली बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन रूरा यांनी तान्ह्या मुलांच्या आहारात सोयाबीनचा उपयोग केला आणि १९२९ साली हिल व स्टुअर्ट यांनी दूध न सोसणाऱ्या बालकांसाठी सोयाचे अन्न सिद्ध केले.

घरी सोयादूध करावयाचे तर कृती सोपी आहे, पण एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वाटीभर सोयाबीन रात्रभर भिजत घालावे, सकाळी चोळून साले काढून टाकावीत, आणि सात-आठ वाट्या पाणी घेऊन त्यातील उकळत्या पाण्याबरोबर दाणे वाटावेत. गरम पाण्याने वाटल्यास सोयाचा उग्र वास येत नाही. मग गाळून ते दूध मंद आचेवर ढवळत पंधरा-वीस मिनिटे उकळावे. ही उकळी चुकवू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास विरोध करणारी द्रव्ये असतात, ती उष्णतेनेच नाहीशी होतात. उरलेला चोथा टाकू नये, थालीपीठाच्या भाजणीत मिसळावा. मात्र घरच्या सोयादुधात कॅल्शियम फारच थोडे असते हे विसरू नये. तेथे डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची जोड लागेल. दुधाचे वावडे असलेल्या काही मुलांना सोयाही बाधतो. म्हणून पहिल्या दिवशी चमचाभरच, तेही सकाळच्या वेळी, द्यावे आणि पाहावे.

दुधाचे काम केवळ पेल्यावर टाकू नये, ताटातही वाटून द्यावे. हिशेब मांडून पाहू. दिवसाला ३० ग्रॅम नाचणी, आंबील किंवा सत्त्वाच्या रूपाने, सुमारे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. न सोललेल्या तिळाचा छोटा चमचाभर कूट साठाच्या आसपास. मूठभर मेथी किंवा शेवग्याचा पाला वरणात घातला तर सत्तर-ऐंशी. थोडा राजगिरा तीसेक. बेरीज झाली पावणेतीनशेच्या घरात. पाचशेला अजून सव्वादोनशे कमीच आहेत, आणि धान्य व भाजीतील सारे कॅल्शियम अंगी लागतही नाही. ही तूट कॅल्शियम मिसळलेले २०० मिलिलिटर सोयापेय भरून काढते. प्रथिनांचेही तसेच: त्या पेयातून सहा ग्रॅम, मऊ खिचडीतील किंवा वरणातील पाव वाटी डाळीतून पाच-सहा, आणि उरलेली भातपोळीतून. तीळ व सुकामेवा ह्यांचेही काही मुलांना वावडे असते, तेव्हा नवा पदार्थ एका वेळी एकच आणि थोडा. बालकाला स्निग्धांशही हवा. वनस्पतिजन्य पेये बहुधा पातळ असतात, म्हणून खिचडीत चमचाभर तेल किंवा ओले खोबरे घालण्यास संकोच करू नये. आणि पेय साखर न घातलेले घ्यावे.

आमच्या शाकाहारी वाचकांना एक विशेष सूचना. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. ज्या घरात मांस, मासे, अंडी येत नाहीत, तेथे मुलाला ते केवळ दुधातून मिळते. दूध सुटले की ते मिळण्याचा मार्गच बंद होतो. त्याच्या अभावाने रक्त कमी होते आणि मेंदूच्या वाढीवरही परिणाम होतो. म्हणून अशा मुलाला ब-१२ औषधातून द्यावे लागेल, हे डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत बोलावे. मातेचा आहार शाकाहारी असून ती अंगावर पाजत असेल, तर तिनेही स्वतःची तपासणी करावी.

खरेदी करताना वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत. केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स ही सारी दुधाचीच नावे. बिस्किटे, पाव, चॉकलेट ह्यांत दूध दडलेले असते. नियमाप्रमाणे दूध, सोया, भुईमूग, सुकामेवा ह्यांसारख्या पदार्थांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. देवळातील प्रसाद, गणेशोत्सवातील मोदक-पेढे आणि आल्यागेल्यांनी प्रेमाने हातावर ठेवलेली मिठाई ह्यांवर मात्र वेष्टन नसते. तेथे घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांपासून मोलकरणीपर्यंत, स्पष्ट सांगून ठेवणे हाच उपाय. ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य अशा घरात वर्ज्य समजावे.

आणि दूध बंद केले म्हणजे त्वचेची निगा सुटली, असे होऊ नये. इसबाचा मुख्य उपचार त्वचेवरच असतो. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, अंग टिपून ओलसर असतानाच भरपूर मऊ मलम, दिवसातून दोनदा तरी. इकडे मालिशीला सरसोंचे तेल वापरण्याचा प्रघात आहे. ते नाजूक त्वचेला दाहक ठरते, त्यापेक्षा खोबरेल बरे. भोपाळच्या कोरड्या थंडीत लोकर थेट अंगाला लागू देऊ नये, आत सुती झबले असावे. डॉक्टरांनी स्टिरॉइडचे मलम दिले तर भीतीपोटी अर्ध्यावर सोडू नये आणि स्वतःच्या मनाने वाढवूही नये.

शेवटी एक दिलासा. दुधाचे वावडे बहुतेक मुलांत कायमचे नसते. वाढत्या वयाबरोबर ते ओसरते. ज्यांना पेलाभर दूध सोसत नाही, त्यांपैकीही पुष्कळांना चांगले भाजलेल्या केक-बिस्किटातील दूध आधी सोसू लागते, आणि डॉक्टर त्या पायरीने पुढे नेतात. म्हणून दर सहा महिन्यांनी ते वर्षाने फेरतपासणी करावी. तोवर घरात एक वही ठेवावी: दर महिन्याचे वजन, दर तीन महिन्यांनी उंची, नवा पदार्थ कोणत्या दिवशी दिला आणि त्वचा कशी राहिली. चट्टे गेले पण वजनाची रेघ आडवी पडली, तर पर्याय चुकला असे समजून लगेच डॉक्टरांकडे जावे. रेघ चढती असेल, तर आजीने निश्चिंत व्हावे. दुधावाचूनही नातवंड वाढत आहे.